सासूबाईंना मुक्काम पसंत नाही

नाही, पण मी म्हणतो, उशी दाबून बघतं का हो कुणी? तुम्हीच सांगा! हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर माणूस काय बघेल... बाथरूम बघेल, खिडकी बघेल, गाडी नीट लागलीय का ते बघेल. उशी दाबून बघायची! आणि तीही कशी, तर मुठीनं, कणीक तिंबल्यासारखी, आणि मग दारात किल्ली घेऊन उभ्या असलेल्या त्या गरीब पोरीला विचारायचं, "काय गं, ह्यात काय भरलंय? जुने मोजे?" अहो, एक रात्र! एक रात्र काढायची होती फक्त! संसार थोडाच मांडायचा होता तिथे?

थांबा, थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटायचं मीच भांडकुदळ आहे. तर मी एदमों. उत्तर फ्रान्समधल्या कांब्रेचा. उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली, आता निवृत्त झालोय. कांब्रेत आज जो कुणी वळायच्या आधी इंडिकेटर देतो तो माझा विद्यार्थी, जो देत नाही तोही माझाच, पण त्याचं नाव मी घेत नाही. बायकोचं नाव सोलांज. स्वभावानं सोनं, फक्त तिला नकाशावरचं प्रत्येक चर्च आतून बघायचं असतं. आणि तिची आई, म्हणजे आमच्या सासूबाई, युगेत. वय एक्याऐंशी. जीभ तिशीतली.

आता ह्या सासूबाई फेब्रुवारीत स्वयंपाकघरात घसरल्या, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, जिन्याच्या घरात एकटं राहणं आता पुरे. झालं! सोलांज आणि तिचा भाऊ जिल्बेर, तो राहतो तिकडे दक्षिणेत, नार्बोनला... दोघांची फोनाफोनी झाली, आणि ठरलं की आईला नार्बोनजवळच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. समुद्रकाठचा हं, साधासुधा नाही! जिल्बेर फोनवर असा बोलायचा की जणू त्यानंच बांधलाय. "खोलीतून समुद्र दिस्सतो ताई! पलंगावर पडल्यापडल्या समुद्र!" आणि ह्या सगळ्यात सासूबाई काय म्हणाल्या? काही नाही. बेकरीवाल्यानं पाव दोन मिनिटं जास्त भाजला तर अर्धा तास बोलणारी बाई, तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि टीव्ही लावला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं लक्ष कुठे होतं? माझं लक्ष मुक्कामाकडे!

कारण कांब्रे ते नार्बोन म्हणजे हजार किलोमीटर. फ्रान्सचं वरचं टोक ते खालचं टोक. म्हातारं माणूस बरोबर घेऊन ते एका दमात होत नाही, मध्ये कुठेतरी रात्र काढावीच लागते. कुठे? हा एवढासा प्रश्न! मे महिन्यात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, तो जुलै आला तरी पसरलेलाच, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. माझं म्हणणं साधं. हायवेवरून उतरलं की हॉटेल, खिडकीतून गाडी दिसली पाहिजे आणि पाठ टेकायला पलंग. सोलांजचं म्हणणं, "एदमों, थांबतोच आहोत तर जरा बघण्यासारखं काही नको का? एखादा जुना पूल..." पूल! अगं बाई, मी दिवसभर पुलांवरूनच जाणार आहे!

बरं, आम्ही दोघं एकवेळ जुळवून घेतलं असतं. पण गावाचं नाव काढलं की जेवायला आमच्याकडे आलेल्या सासूबाई कोपऱ्यातून.

"लांग्र?"

"वारा फार."

"दिजों?"

"मोहरीचा वास येतो तिथे."

"बोन?"

"सगळं गाव वाइन पिऊन पडलेलं असतं."

"मग माकों, आई?"

"माकोंला तुझ्या वडिलांचं पोट बिघडलं होतं."

कधी? लग्नानंतर लगेच! माणूस जाऊन वीस वर्षं झाली, त्याचं पोट अजून आमच्या वाटेत आडवं! शेवटी सोलांज म्हणाली, जाऊ दे, वाटेत बघू. वाटेत बघू! जुलैचा शेवटचा शनिवार! ज्या शनिवारी अख्खा फ्रान्स घराला कुलूप लावून समुद्राकडे धावतो, रेडिओवाले ज्याला 'काळा शनिवार' म्हणतात, त्या शनिवारी आम्ही खोली न ठरवता निघालो. मी छत्तीस वर्षं लोकांना शिकवलं की आधी बघा, मग गाडी काढा. आणि मी न बघता गाडी काढली!

आणि काढली म्हणजे काय... सासूबाईंना त्यांच्या घरून घेतलं, त्यांच्या गल्लीच्या टोकाला पोचलो तोच मागून आवाज. "गॅस बंद केलाय का मी?" परत फिरलो. गॅस बंद. पुन्हा निघालो. "मागचं दार?" परत फिरलो. दार बंद. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा शेजारीण खिडकीतून हात करत होती, ती म्हणाली, "आलातसुद्धा? कसा होता समुद्र?"

हायवेवर काय वर्णावं तुम्हाला. पुढे कॅराव्हॅन, मागे कॅराव्हॅन, डाव्या हाताला एक डच कुटुंब, त्यांच्या टपावर तीन सायकली आणि एक होडी. त्रुआच्या अलीकडे विश्रांतीच्या जागी थांबलो, डबा खायला. मी म्हटलं पंधरा मिनिटं. सासूबाईंनी टेबलावर कापड अंथरलं. कापड! मग हॅम, उकडलेली अंडी, टोमॅटो, मग चीज, मग चीजनंतर पीच, पीच सोलायचं सुरीनं, अख्खी साल एका लांब पट्टीत निघाली पाहिजे, तुटली की दुसरं पीच. आणि एवढ्यात जिल्बेरचा फोन. मी गाडीचं दार उघडं ठेवून आत बसून घेतला, गाडीतला फोन सगळ्यांना ऐकू येतो ना, तसा.

"कुठे पोच्चलात?"

"त्रुआ."

"अजून त्रुआ? अहो दाजी, चालत निघालात की काय? उद्या संध्याकाळपर्यंतच खोली धरून ठेवणारेत हं ते! नाही पोचलात तर दुसऱ्याला देतील! रांग लागलीय रांग!"

मी मागे वळून सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी तिसरं पीच घेतलं.

दुपारी उशिरा लांग्रला पोचलो. टेकडीवर गाव, भोवती तटबंदी, सोलांजचे डोळे अस्से चमकले. हॉटेल छान होतं, मी खोटं कशाला बोलू? खोली मिळत होती, त्या दिवशी! मालकीण म्हणाली, खोली वर आहे. सासूबाई म्हणाल्या, "जिना." खरंच होतं त्यांचं, मनगट नुकतंच भरलेलं. मालकीण भली बाई, म्हणाली, आजी, खालचीही एक आहे. खाली गेलो. "रस्त्याचा आवाज येईल." मालकीण म्हणाली, आजी, मागे बागेकडची देते. बागेकडे गेलो. सासूबाई मधोमध उभ्या राहिल्या, कान टवकारले, आणि म्हणाल्या, "फार शांत आहे. दफनभूमीत झोपल्यासारखं वाटेल." आता सांगा! आवाजही नको, शांतताही नको, मग काय वाजंत्री आणून बसवू का? एक रात्र हो, एक रात्र!

सोलांज गाडीत बसली ती तोंड फिरवून. मी म्हटलं, चला, आता आपल्या पद्धतीनं. बोनजवळ हायवेला लागूनच एक हॉटेल, चौकोनी, पांढरं, खोक्यासारखं, माझ्या मनासारखं! खिडकीखाली गाडी, पलंगावर पलंगपोस. सोलांज म्हणाली, "एदमों, तुरुंगातसुद्धा निदान दाराशी बोलायला कुणी असतं." मी म्हटलं, आपल्याला बोलायचंय का? आपल्याला झोपायचंय! आणि इथेच ती उशी. जुने मोजे. ती पोर रडवेली झाली. एवढ्यावर थांबल्या का? नाही! "सकाळच्या न्याहारीला काय देता?" पोर म्हणाली, पाव, लोणी, जॅम. "दाखव." आत्ता? संध्याकाळी? "जॅम तर सकाळपर्यंत बदलणार नाही ना? दाखव." ती पोर आत जाऊन जॅमची बाटली घेऊन आली हो! सासूबाईंनी ती उजेडात धरली, तिरपी केली, आणि म्हणाल्या, "हं... जर्दाळू. नको."

मी बाहेर आलो आणि गाडीच्या टपावर डोकं टेकवून उभा राहिलो. टप तापलेला होता. तरी टेकवून उभा राहिलो.

पुन्हा फोन. "कुठे पोच्चलात?" मी म्हटलं, जर्दाळूपर्यंत. फोन ठेवला.

त्यानंतर कुठेही खोली नाही. जिथे विचारावं तिथे हात जोडलेले. एक हॉटेलवाला तर नुसता हसला, बोलायची तसदीसुद्धा घेतली नाही. सोलांज फोनवर फोन लावतेय, मी चालवतोय, आणि मागे सासूबाई, तुम्हाला सांगतो, गाणं गुणगुणतायत! आम्ही जेवढे रडकुंडीला येतोय तेवढ्या त्या खुलतायत!

शेवटी तुर्नूच्या बाहेर, सोन नदीच्या काठी, एका शेतकरणीनं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना ठेवल्या होत्या, तिथे कुणाचं तरी यायचं रद्द झालेलं. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य अजून वर होता, जुलैच तो. खोल्या तळमजल्यावर. अंगणात अक्रोडाचं झाड. मागे तीन शेळ्या. गाडी लावायला मोकळी जागा, खिडकीतून दिसणारी! जवळच गावात हजार वर्षांपूर्वीचं चर्च, सोलांजचं काम झालं. आणि ती शेतकरीण म्हणाली, रात्री कोंबडी आहे, मलईच्या रश्श्यात, घरचीच. मी मनातल्या मनात गुडघे टेकले. सासूबाई आत गेल्या. उशी दाबली. काही बोलल्या नाहीत. गादी दाबली. काही बोलल्या नाहीत. न्याहारीचा जॅम स्वतःहून मागवून चाखला, बोट चाटलं! मी सोलांजकडे बघितलं, सोलांजनं माझ्याकडे. आणि सासूबाईंनी त्या शेतकरणीला विचारलं,

"काय हो, इथून नार्बोन किती लांब?"

"फार नाही आजी. सकाळी निघालात की दुपारी पोचाल. जेवायला समुद्रावर!"

सासूबाईंनी पर्स उचलली.

"मग नको. ह्याच्या अलीकडे कुठे काही मिळेल का?"

आता इथे सोलांजचा बांध फुटला. "आई! अलीकडे म्हणजे? आपण पुढे जातोय! पुढे!" असं म्हणून ती जी तरातरा निघाली ती थेट शेळ्यांकडे, कुंपणाला धरून पाठमोरी उभी राहिली. शेतकरीण शहाणी, ती म्हणाली मी कोंबडी बघते, आणि आत गेली. आणि सासूबाई जाऊन गाडीत बसल्या. मागच्या सीटवर. दार उघडं, पर्स मांडीवर.

आणि मी, तुम्हाला सांगतो, मी तिथे अंगणात उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. अहो, हे मी आयुष्यभर बघितलंय! रस्ता सरळ, पुढे कुणी नाही, आडवं काही नाही, आणि शिकणारा एकदम ब्रेक मारतो. का मारतो? त्याला विचारलं तर सांगतो, मांजर होतं, खड्डा होता, ऊन डोळ्यांवर आलं. मांजरही नसतं आणि खड्डाही नसतो. पुढे मोठा चौक यायचा असतो, त्याची भीती आत्ताच पोटात येऊन बसलेली असते. गॅस, मागचं दार, पीच, शांतता, जर्दाळू... दिवसभर ही बाई मागच्या सीटवरून ब्रेक मारत होती! आणि मी, छत्तीस वर्षांचा मास्तर, उशीत काय भरलंय त्याचा विचार करत बसलो होतो!

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. मागे. माझ्याच गाडीत मागे मी पहिल्यांदाच बसलो, पाय ठेवायला जागाच नाही हो तिथे! मग मी म्हटलं,

"आई, तुम्हाला तिथे जायचं नाहीये."

त्यांनी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघितलं. म्हणाल्या, "मला कुणी विचारलं?"

"तुम्ही 'बरं' म्हणालात."

"मग काय म्हणू? दोन्ही मुलं फोनवर एवढी खूश... त्याला समुद्र मिळाला, हिची माझ्यापायीची काळजी मिटून हिला झोप लागायला लागली. त्यात मी कुठे पाचर मारू? मला समुद्र आवडत नाही हो एदमों. नुसता हलत असतो."

बघा हं. एकतीस वर्षांत ह्या बाईनं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "जावईबापू." ते बापूसुद्धा असं म्हणायच्या की त्यापेक्षा शिवी बरी. आणि एकदम एदमों! आता माणूस विरघळेल की नाही? तुम्ही विरघळला असता की नाही? मीही विरघळलो, आणि विरघळलेला माणूस गाढव असतो, मी बोलून बसलो,

"बरं, मी विचारतो. कुठे राहायचंय तुम्हाला?"

मला वाटलं, म्हणतील, कांब्रेतलाच एखादा आश्रम बघा. किंवा नुसत्या रडतील. मी रुमालसुद्धा काढला होता. अहो, त्यांनी एक क्षणसुद्धा घेतला नाही!

"तुमच्याकडे. गॅरेजच्या बाजूची खोली. जिना नाही, सकाळचं ऊन येतं, बाथरूम शेजारी. फक्त तो तुमचा रेडिओ आणि ती फाटकी आरामखुर्ची तेवढी काढा."

माझी खोली! सगळ्या घरात माझी म्हणून एक खोली, जिथे मी जुलैभर बसून सायकलींची शर्यत ऐकतो! बाईनं खिडकी कुठे, ऊन कुठे, सगळं आधीच बघून ठेवलं होतं! मी म्हटलं, "आई... तुम्ही दिवसभर..." त्या म्हणाल्या, "रुमाल आत ठेवा. विचारलंत, मी सांगितलं. आता नाही म्हणायचं असेल तर तेही सांगा, मी पुन्हा 'बरं' म्हणेन."

आणि हे 'बरं' त्या ज्या आवाजात म्हणाल्या ना... मिश्किलपणा गेला होता त्यातला. हात पर्सच्या कडीवर होता, मोडला होता तोच हात. मी काय म्हणणार, सांगा? मी म्हटलं, "खुर्ची ठेवू का? तुम्हालाच बसायला होईल." त्या म्हणाल्या, "नको. तिला तुमचा वास येतो."

सोलांजला सांगायला शेळ्यांपर्यंत गेलो. तिनं ऐकलं आणि माझ्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली, मग रडायला लागली, मग त्याच खांद्यावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, अगं, आईला आपल्याकडेच ठेवायचं होतं तर तू आधी का नाही बोललीस? "मला वाटलं तुला चालणार नाही. तू सारखा कुरकुरत असतोस." मी म्हटलं, सोलांज, मी पावसाबद्दलही कुरकुरतो, म्हणून मी काय पाऊस वृद्धाश्रमात नेऊन ठेवीन? त्यावर ती रडता रडता हसली, आणि एका शेळीनं तेवढ्यात माझ्या शर्टाचं टोक खाल्लं. खरंच खाल्लं! हे बघा, अजून तोच शर्ट आहे.

आणि फोन. "कुठे पोच्चलात?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

"जिल्बेर, बाळा, मी येत नाहीये. म्हणजे येतेय, चार दिवस येतेय, मासे खाईन, तुझ्या बायकोला भेटेन, आणि परत जाईन. मी सोलांजकडे राहणार... नाही, दाजींनीच विचारलं... हो, त्यांनीच! मलाही पटेना. ...खोली? अरे, खोलीचं काय एवढं? तू घे की ती खोली. तुला समुद्र आवडतो."

पलीकडे जी शांतता पसरली ना, लांग्रच्या बागेकडची खोलीसुद्धा त्यापुढे गजबजलेली!

त्या संध्याकाळी सासूबाईंनी कोंबडी दोनदा मागून घेतली, रस्सा पावानं पुसून ताट असं चकचकीत केलं, शेतकरणीला मलई जरा कमी पडल्याचं सांगितलं, आणि जाऊन गाढ झोपल्या. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येत होतं. मी जागा! मी छताकडे बघत माझी आरामखुर्ची कुठे मावेल ह्याचा हिशेब करतोय! एक रात्र काढायची होती हो, एक रात्र, आणि त्या एका रात्रीत माझं घर गेलं!

आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी ही बाई थांबूच देईना! मला जरा लघवीला जायचं होतं, तर मागून, "मघाशीच तर गेलात!" डबा? "चालत्या गाडीत खा." नार्बोनला आम्ही जेवायच्या वेळेआधी पोचलो. जिल्बेर अजून अंघोळीला गेलेला.

आता सप्टेंबर संपत आला. सासूबाई खोलीत स्थिरावल्यात, पडदे बदललेत, भिंतीला रंग दिला, मीच दिला. आणि मी? मी गॅरेजमध्ये. रेडिओ गाडीतही असतोच ना, मग मी आपला गॅरेजमध्ये, गाडीत बसून ऐकतो. कुणाचा त्रास नाही, दार लावलं की कसं शांत. तर परवा बसलोय असाच, डोळे मिटून, आणि काचेवर टकटक. सासूबाई. अंगात कोट, हातात पर्स. दार उघडलं, पुढच्या सीटवर बसल्या, कोट नीट केला, बेल्ट ओढून घेतला आणि खट्कन लावला.

मी म्हटलं, "आई, गाडी उभी आहे. आपण कुठेही जात नाहीये."

म्हणाल्या, "असू दे. तुम्ही चालवता तेव्हा तरी काय वेगळं असतं?"

काय करणार... मीही बेल्ट लावला.